कवळीवाल्याची चिंबोरी

आमच्या ह्यांना महाडात तोंडावर ‘मुरारीशेठ’ म्हणतात आणि पाठीमागं ‘नाणीवाला येडा’. मी दोन्ही ऐकलंय आणि दोन्हींवर माझं काही म्हणणं नाही. फक्त एवढंच सांगते, त्यांना येडं म्हणायचा पहिला हक्क माझा. लग्न मी केलंय त्यांच्याशी, गल्लीनं नाही.

कवळ्या बनवायचं काम त्यांचं. महाड-पोलादपूरकडचे दातांचे डॉक्टर म्हाताऱ्यांच्या तोंडात लगदा भरून माप काढायचे आणि आमच्याकडं पाठवून द्यायचे. त्या मापात हे प्लॅस्टर ओतायचे, जबडा उतरवायचे आणि मग मेणात एकेक दात बसवत तासन्‌तास मान खाली घालून बसायचे. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर, घराच्या पुढच्या खोलीत दुकान. नव्यानं लग्न होऊन आले तेव्हा सकाळी उठून बघते तर फळीवर ओळीनं पांढरे जबडे. खाडीकाठच्या तुडीलची पोर मी, साप-विंचवाला कधी भ्याले नाही, पण त्या दिवशी चहा उतू गेला माझ्या हातून.

हे मूळचे पोलादपूरच्या वरचे, उमरठच्या पलीकडं डोंगरातल्या एका वाडीतले. घरात नाचणी-वरीची शेती आणि खाणारी तोंडं भरपूर, म्हणून मिसरूड फुटायच्या आत मुंबईला धाडलं. गिरगावात कवळ्यांच्या एका कारखान्यात झाडू मारायला लागले आणि झाडू मारता मारता काम शिकले. तिथंच त्यांना हे नाण्यांचं खूळ लागलं. खूळ लावणारा माणूस म्हणजे एक म्हातारा पारशी.

त्या पारशाला कुणाचीच कवळी बसत नव्हती. हिरड्याच तशा होत्या म्हणे. शेवटी मालकानं ह्यांना त्याच्या घरी पाठवलं, जा बाबा, तूच बघ. हे गेले तर टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर चांदीची नाणी मांडलेली. जुनी, वेडीवाकडी, एकही धड गोल नाही. म्हाताऱ्यानं भिंग हातात दिलं आणि बघ म्हणाला. एका नाण्यावर बाईचं डोकं होतं, केसांत जाळी आणि चारी बाजूंनी मासे पोहतायत. बाईच्या ओठांची कडसुद्धा दिसत होती.

“तुळसा,” हे मला सांगायचे, “अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक देशातल्या कुणीतरी तो चेहरा लोखंडात उलटा कोरला, त्यात चांदी ठेवून वर घण मारला. एक घाव. आणि त्या घावाचा चेहरा माझ्या हातात. मी जबड्याचं माप घेतो त्याच्यात आणि ह्याच्यात फरक काय सांग.”

मी म्हणायची, फरक हाच की जबड्याचं गिऱ्हाईक परत येतं आणि भांडतं.

तर ह्यांनी त्या पारशाची कवळी केली. घासून, पुन्हा घासून, नीट बसवली. म्हाताऱ्यानं आरशातही बघितलं नाही. आत गेला आणि स्वैपाक्याला म्हणाला, चिंबोरी शिजव. आमच्याकडं खाडीच्या मोठ्या खेकड्याला चिंबोरी म्हणतात, मुंबईतही म्हणतात. कितीतरी वर्षांत खाल्ली नव्हती म्हणे त्यानं. ह्यांना समोर बसवून त्यानं नांग्या कडाकडा फोडल्या, रस्सा दाढीला लागला तरी थांबला नाही. मग हात धुऊन आला, मखमलीवरनं एक नाणं उचललं आणि ह्यांच्या तळहातावर ठेवलं. एका बाजूला पंख मिटून बसलेला गरुड. दुसऱ्या बाजूला चिंबोरी. सिसिली नावाचं बेट आहे, तिथल्या समुद्रकाठच्या अक्रागास नावाच्या गावाचं नाणं. “चिंबोरी खायला लावलीस, आता चिंबोरी घेऊन जा,” म्हणाला.

मी ते पहिल्यांदा बघितलं आणि हसू आवरेना. आठ पाय, दोन नांग्या, पाठीचं कवच, सगळं जिथल्या तिथं. आपल्या पैशावर चिंबोरी काढणारं ते कसलं सरकार म्हणायचं. पण काढणाऱ्यानं हातात धरून बघितलेली होती एवढं मात्र मी छातीठोक सांगते. आम्ही तुडीलच्या बाया, चिंबोरीच्या बाबतीत आम्हाला कुणी फसवू शकत नाही.

एकच खरं नाणं घेऊन माणूस गप्प बसला असता तर मी कशाला तक्रार केली असती. पण ह्यांना सगळी हवी होती, आणि खरी नाणी घेणं आपल्या बापजन्मात शक्य नाही हेही कळत होतं. मग ह्यांनी डोकं चालवलं. त्या पारशाला म्हणाले, नाणी तुमची राहूद्या, मला फक्त मापं घेऊद्या. दातांचाच गुलाबी लगदा, नाण्याला ओरखडासुद्धा जात नाही. त्यात प्लॅस्टर ओतलं की नाण्याचा जुळा भाऊ तयार. पारशानं घेऊ दिली, मग त्याच्या मित्रांकडं चिठ्ठी दिली. पुढं महाडला येऊन दुकान टाकलं तरी हे मुंबईला, पुण्याला नाण्यांची प्रदर्शनं लागली की पिशवीत लगद्याची डबी घेऊन जायचे. कुणी हाकललं, कुणी चहा पाजला. एकानं तर चोर समजून पिशवी तपासली, तर आत निघाली कुणाचीतरी अर्धी कवळी.

आमच्या दुकानाची एक भिंत त्या प्लॅस्टरच्या नाण्यांनी भरली. घुबड होतं, ते मी स्वैपाकघराकडं तोंड करून लावू दिलं नाही. कासव होतं. सातूची लोंबी होती. सिंहाचं कातडं डोक्यावरनं घेतलेला एक पहिलवान होता, सिंहाच्या जबड्यातनं त्याचं तोंड बाहेर आलेलं. माझ्या सासूबाई, बनुबाई, वाडीवरनं एकदा आल्या आणि त्या पहिलवानासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. “मुरारी, ही आपली वाघजाय देवी रे. हिला हितं दाताच्या दुकानात टांगलीस?” हे सांगायला गेले की आई, हा ग्रीक पहिलवान हाय, तर सासूबाई म्हणाल्या, तू शहाना हायेस ठावं हाय मला. पदरात गुंडाळून वाडीवर घेऊन गेल्या आणि देवघरात टाकांच्या शेजारी बसवली. रोज हळदकुंकू, मंगळवारी आंघोळ. प्लॅस्टरच ते, पावसाळा संपेतो देवीचं नाक गेलं, पुढच्या साली डोळे गेले. सासूबाईंनी मग ती रीतसर ओढ्यात सोडली आणि दुसरी दे म्हणून निरोप धाडला. ह्यांनी दिली हो मुकाट्यानं.

आल्यागेल्याला ह्यांचा एक प्रश्न ठरलेला. त्या ग्रीकांच्या प्रत्येक गावानं आपल्याकडं जे होतं ते नाण्यावर काढलं, मग महाडचं नाणं काढायचं तर काय काढाल? शेजारचे कुशाबा आमच्या गल्लीतले सर्वांत वडीलधारे, बोळक्या तोंडानं म्हणायचे, “पूर काढ. दुसरं काय हाय आपल्याकडं?”

आता पुराचं सांगते. महाडला पूर नवा नाही. पाणी वाढतंय अशी हाळी आली की आम्ही सामान पोटमाळ्यावर चढवतो आणि वरच्या मजल्यावाल्यांकडं जाऊन बसतो, ही आमची रीत. एकवीस सालीही तेच केलं. ह्यांनी भिंतीवरची नाणी एकेक उतरवून पेटाऱ्यात भरली, पेटारे माळ्यावर, आणि सगळ्यांच्या वर चिंबोरीची लाकडी डबी. आम्ही कुशाबांच्या माडीवर गेलो. पाणी त्या वर्षी माळ्यालाही गिळून गेलं.

पाणी उतरल्यावर दार उघडलं तर दुकानात गुडघाभर गाळ. माळा अर्धा खाली आलेला. पेटारे फुटून प्लॅस्टरचा चिखल झालेला, गाळात पांढरे ओघळ तेवढे दिसत होते. चिंबोरीची डबी मला सापडली. उघडी होती, आत गाळ होता, नाणं नव्हतं.

हे दारातनंच मागं फिरले. कुशाबांच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले ते बसलेच. जेवायला वाढलं तर जेवायचे, हाक मारली तर मान वर करायचे, पण बोलणं बंद. एकदाच बोलले. मी विचारलं, दुकान कधी साफ करायचं? तर म्हणाले, “नको. वाडीवर जाऊया. संपलं.” मग दुकानाकडं बघत, “ती एक चिंबोरी असती तर परत लागलो असतो कामाला.”

घर गेलं, भांडी गेली, त्याचं मला काही वाटलं नाही, सगळ्या गल्लीचं गेलं होतं. पण माणूस समोर बसलेला असून नाहीसा झालेला मी पहिल्यांदा बघत होते. मला नाणं नको होतं. मला माझा नवरा हवा होता, आणि तो त्या गाळात होता.

बाहेरगावची पोरं-पोरी मदतीला आली होती, देव त्यांचं भलं करो. फावडी घेऊन घराघरांतला गाळ गल्लीत ओढून टाकत होती आणि पालिकेचा डंपर तो उचलून नेत होता. आमच्या दुकानाच्या दाराशी आली तेव्हा मी आडवी आले. म्हटलं, इथला गाळ जाणार नाही. पोरं गोंधळली. कुशाबा वरनं ओरडले, “गो तुळसा, रोगराई होईल. तू नाण्यापायी गल्ली मारशील काय?” डंपरवाला चांगू खाली उतरून हात जोडायला लागला, वहिनी, संध्याकाळी शेवटची फेरी, मग उद्या मला दुसऱ्या आळीत जायचंय. मी म्हटलं, बरं. संध्याकाळपर्यंत गाळ माझा, संध्याकाळी तुझा. पण तोवर कुणी फावडं लावलं तर त्याच फावड्यानं मारीन.

आणि मी माहेरी फोन लावला.

आमच्या तुडीलला ओहोटीला बाया शिवल्या काढायला जातात. खाडीतल्या शिंपल्या त्या, चिखलात खोल रुतून बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत. हातानं उकरत बसलं तर दिवस जाईल. म्हणून आम्ही पायानं शोधतो. ओळीनं उभं राहायचं, भार टाचेवर ठेवायचा, अंगठ्यानं चिखल चाळत इंच इंच पुढं सरकायचं. कठीण काही लागलं की कळतं, हा दगड, ही फुटकी शिंपी, ही शिवली. चालणाऱ्या बाया गप्पा मारत असतात, पाय आपलं काम करत असतात. फावड्यानं नाणं सापडलं नसतं. फावडं उचलतं आणि फेकतं. आमच्या पायांनी सापडलं तर सापडलं असतं.

माझी वहिनी ठकूबाई टेम्पोत चार बाया घालून घेऊन आली. तुडीलातही पाणी शिरलेलं, स्वतःचं घर अर्धं साफ करून आली होती. आल्या आल्या म्हणाली, “वन्सं, चांदीची चिंबोरी शोधायला आमी लागतो तर. मुंबयला नाय कोन भेटला?” मी तिला मिठी मारली, चिखलासकट.

आधी फावड्याच्या दांड्यांनी ढोसून काचा आणि लोखंड वेगळं केलं. सरकारी माणसं उंदरांच्या रोगाच्या गोळ्या वाटत होती त्या सगळ्यांनी घेतल्या. पाऊस भुरभुरत होता, त्यामुळं गाळ मऊ राहिला, ते बरंच झालं. मग लुगडी खोचून आम्ही भिंतीपासून ओळ धरली.

पहिल्यांदा काय सापडावं? दात. ठकूबाईच्या अंगठ्याला काहीतरी लागलं, तिनं हात घातला आणि वरच्या दातांची अख्खी कवळी बाहेर काढली. ती अशी किंचाळली की रस्त्यावरचा चांगू धावत आला. मग दुसरीला खालची मिळाली, तिसरीला नुसत्या दाढा. कवळ्यांचं दुकान ते, दुसरं काय मिळणार? आम्ही एकेक कवळी धुऊन कुशाबांच्या ओट्यावर ओळीनं मांडत होतो आणि बाया हसून हसून गाळात बसायच्या राहिल्या होत्या. एवढ्या दिवसांत त्या गल्लीत कुणी हसलं नव्हतं. मदतीची पोरं हसायला लागली, समोरच्या घरातल्या बाया दारात आल्या. ठकूबाई म्हणाली, “वन्सं, ह्या गाळाला जेवायला घाला, दात सगले हायेत त्याला.”

कुशाबा काठी टेकत खाली उतरले. पूर यायच्या आधी त्यांची कवळी तयार होत आली होती, आज देतो उद्या देतो करता करता राहिली होती. त्यांनी ओट्यावरच्या ओळीत स्वतःचे दात ओळखले. कसे ओळखले ते देव जाणे. उकळत्या पाण्यात घालून घेतले, तोंडात बसवले आणि गल्लीकडं वळून म्हणाले, “कुनी फावडं लावायचं नाय. माजे दात भेटले, तिचं नानंबी भेटल.” झालं. रोगराईची भाषा तिथंच संपली.

त्यानंतर मात्र बराच वेळ काही मिळेना. दुपार कलली. एका बाईचा तळवा कापला, तिला पट्टी बांधून बसवलं. ओळ भिंतीपासून निघून दाराशी आली होती, मागं फक्त चाळलेला गाळ. पाण्याबरोबर बाहेर गेलं असेल म्हणून गल्लीतल्या ढिगावरनंही आम्ही पाय फिरवला. चांगू डंपर घेऊन वळणावर येऊन थांबला होता, हॉर्न वाजवत नव्हता, एवढी माणुसकी त्यानं ठेवली. ठकूबाई माझ्याकडं बघत नव्हती. तिला वाटत होतं तेच मलाही वाटत होतं, पण मी तोंडावर येऊ दिलं नाही. म्हटलं, उंबऱ्याच्या आतली कड राहिलीय, तेवढी करूया.

उंबऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात माझ्या डाव्या अंगठ्याला काहीतरी लागलं. जाड होतं. कड वेडीवाकडी. मी अंगठा त्याच्यावरनं हळूच फिरवला आणि मला नांग्या लागल्या.

मी पाय घट्ट रोवला आणि जागची हलले नाही. शिवल्या काढणाऱ्या बाईला कळतं, पाय उचलला की गाळ आत ओढून घेतो आणि वस्तू कुठल्या कुठं जाते. कुणीतरी पायाखाली हात घालून काढावी लागते. ठकूबाई वाकलीच होती. मी म्हटलं, “थांब, वहिनी. ह्यांना बोलव.”

“आगो आधी काढून तर घेऊ.”

“ह्यांना बोलव. त्याशिवाय पाय हलवणार नाय मी.”

निरोप गेला. हे जिन्यावरनं उठले नाहीत. कुशाबा स्वतः गेले आणि दंडाला धरून घेऊन आले. हे दारात उभे राहिले. पूर ओसरल्या दिवसापासून त्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. चेहऱ्यावर विश्वास नव्हता, नुसता थकवा होता. मी म्हटलं, “माझ्या पायाखाली आहे. तुमची आहे, तुम्ही काढा.”

ते आत आले. चपला घातलेल्याच होत्या, त्या गाळात रुतून राहिल्या. माझ्यासमोर येऊन वाकले आणि गाळात हात घातला, आणि त्यांची बोटं माझ्या पावलाला लागली तेव्हा कुठं मला कळलं की मी काय करून बसलेय. सगळी गल्ली बघत होती. दारात बाया, रस्त्यावर पोरं, चांगू, कुशाबा. भर दिवसा नवरा बायकोचा पाय धरतोय. लाजेनं माझा पाय आपोआप मागं जायला लागला.

त्यांनी घोटा धरला. “हलू नकोस,” म्हणाले. आवाज खरखरीत झाला होता, पण त्यांचा होता. कवळी बसवताना म्हाताऱ्यांना दटावतात तो.

माझ्या तळव्याखालनं बोटं गेली आणि ते चांदीचं वजन सरकलं. त्यांनी हात वर काढला. अंगठ्यानं वरचा गाळ पुसला तशी चिंबोरी दिसली, काळवंडलेली, पण आठही पाय आणि दोन्ही नांग्या जागेवर. बायांनी एकच गलका केला, ठकूबाई रडायला लागली, पोरं टाळ्या वाजवायला लागली. मीही रडत होते, पण मी नाणं बघून रडत नव्हते.

हे अजून वाकलेलेच होते. नाणं डाव्या मुठीत होतं. मला वाटलं आता उठतील. त्यांनी उजवा हात माझ्या चिखलातल्या पावलावर ठेवला आणि तोच हात स्वतःच्या कपाळाला टेकवला. सगळ्यांसमोर. ठकूबाईनं पदर तोंडात धरला.

कुशाबांना राहवलं नाही. नव्या दातांनी शब्द नीट येत नव्हते तरी म्हणाले, “मुरारी, लाज सोडलीस काय रे?”

“सोडली,” हे म्हणाले आणि उठून उभे राहिले. माझ्याकडं बघून म्हणाले, “इथलं तर सगळं भिजलं. माणगावला प्लॅस्टर मिळत असेल काय गो?”